चंद्राक्कांची विहीर नव्या ब्राउझरमध्ये दिसत नाही

अन्याय चंद्राक्कांवर झाला. गेल्या वर्षी, गौरी-गणपतीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळच्या कॉफीनंतर आणि जेवणाच्या आधी... भर उजेडात, आठ-दहा माणसांसमोर. बनशंकरीतल्या त्यांच्या वठारातली पाण्याने भरलेली विहीर त्या सकाळी गेली. 'चोरीला गेली' असं लिहिणार होते, पण चोर दाखवता येत नाही. म्हणून नुसतं 'गेली' लिहिते.

आधी एक सांगते. या सदरातले अमानवीय अनुभव मी आजवर हसायला वाचत आले. दसऱ्याला रस्त्यावर कोहळे फोडतात आणि त्यावरून स्कूटर घसरून माणसं पडतात, त्याविरुद्ध आमच्या नागरिक-गटाचं पहिलं पत्रक मी लिहिलं होतं. चौकात कुणी उतरून टाकलेलं लिंबू उचलून, धुऊन, त्याचं सरबत केलेली मुलगी आहे मी. आईने दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हा मला कुणी 'हळवी' वगैरे म्हणू नका. मला कारण हवं असतं. कारण सापडलं नाही की मी चिडते. आत्ताही चिडूनच लिहितेय.

वठार म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी... एक फाटक, आत समोरासमोर चार बैठी घरं, मधे फरशी घातलेली मोकळी जागा आणि तिच्या टोकाला सगळ्यांची मिळून एक विहीर. गोल, दगडी कठड्याची, लोखंडी रहाट असलेली. चौथ्या घरात चंद्राक्का एकट्या राहायच्या. आमच्यासारख्याच त्याही शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातल्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. नात्याने आईची लांबची बहीण, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. त्यांचं मराठी अर्धं कन्नड. मी धावत-पळत गेले की म्हणायच्या, "स्वल्प बस की गं पुट्टी, मोर्चा कुठं पळून जातो?" स्वल्प म्हणजे जरा, पुट्टी म्हणजे पोरी.

त्यांच्या घरात सासूपासून एक रीत होती. पहाटेची पहिली घागर घरात न्यायची नाही. ती दुसऱ्याची. फाटकाशी जो पहिला दिसेल त्याला द्यायची. कुणीच नसेल तर फाटकाबाहेरच्या दगडी डोणीत गायी-कुत्र्यांसाठी ओतायची. दुसरी घागर आपली. मागच्या मोठ्या टंचाईत नळाला कावेरीचं पाणी येईना, टँकरवाले फोन उचलेनात, तेव्हा पूर्ण गल्ली भांडी घेऊन याच फाटकाशी उभी असायची. अक्कांनी एकालाही परत पाठवलं नाही. ती गल्ली आज काय करते आहे, ते पुढे येईलच.

तीन घरं एका बिल्डरने घेतली. अक्का देईनात. त्यांचं घर सोडून बाकी जागेवर बांधायचं तर विहीर बुजवावी लागणार होती. आणि विहीर बुजवायला परवानगी मिळत नव्हती, कारण ती सरकारी नकाशावर होती. एका खात्याची – नाव मुद्दाम लिहीत नाही – वेबसाइट आहे, शहरातले तलाव, नाले, विहिरी दाखवणारी. त्यात बनशंकरीचं पान उघडून झूम केलं की अक्कांच्या वठारावर एक छोटा निळा गोल दिसायचा. आमची लढाई त्या गोलावर उभी होती. तो आहे तोवर बिल्डर कठड्याला हात लावू शकत नव्हता.

पावसाळा लागता लागता त्या साइटवर सूचना आली. जुना ब्राउझर यापुढे चालणार नाही, नव्यावर जा. आमच्या गटात ज्याने त्याने आपापल्या सोयीने बदल केला. कुणी त्या आठवड्यात, कुणी पुढच्या महिन्यात. आणि ज्याने बदलला त्याची तीच तक्रार – पान बिघडलंय. मेनू एकमेकांवर चढलेत. कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन. नकाशा अर्धा उजवीकडे पळालेला. आणि निळा गोल नाही.

मी घाबरले नाही. सरकारी साइट बिघडणं ही काय अमानवीय गोष्ट आहे? ती चांगली असती तर मी इथे लिहिलं असतं! नव्या लॅपटॉपवर मी ठरलेले सगळे उपाय केले. कॅश साफ केली, कुकीज उडवल्या, खासगी विंडोत उघडून पाहिलं, झूम शंभर टक्क्यांवर आणला, अ‍ॅडब्लॉकर बंद केला. मेनू थोडे सुधारले. गोल आला नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर जुन्या ब्राउझरमध्ये मात्र तेच पान स्वच्छ दिसत होतं. गोलासकट.

मग नचिकेतला बोलावलं. नचिकेत आमच्या गटातला, मूळ पुण्याचा, हेब्बाळला एका कंपनीत वेबसाइटच बनवतो. हेब्बाळहून जे. पी. नगरला आमच्या घरी यायचं म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये, तरी आला. आल्या आल्या म्हणाला, तुझं पत्रक वाचून ब्राउझर घाबरला असेल. मग तो तासभर काम करत होता. फॉन्टचे चौकोन गेले, पळालेला नकाशा जागेवर आला, बाजूच्या तलावांचे निळे आकार एकेक करून उमटले. गल्लीतलं देऊळ आलं, शाळा आली. गोल नाही आला. त्याने आतला कोड उघडून पाहिला. सर्व्हरकडून विहिरीची माहिती येत होती. जागा बरोबर, रंग बरोबर, आकार बरोबर. ब्राउझर म्हणत होता की मी काढलाय गोल. पण पडद्यावर काहीच नव्हतं.

"आहे, पण दिसत नाहीये," तो म्हणाला. "असं होत नाही रेणू. एकतर एरर येतो, नाहीतर दिसतो. असं मधलं काही नसतं."

त्याने आपल्या ऑफिसातल्या मशीनवर पाहिलं, फोनवर पाहिलं, मित्रांकडून पाहून घेतलं. नव्या ब्राउझरमध्ये कुठेच नाही. शेवटी वैतागून माझ्या जुन्या लॅपटॉपचं अपडेट होणंच त्याने बंद करून टाकलं आणि म्हणाला, हा आपला पुरावा, याला हात लावू नकोस.

याच काळात अक्का सारख्या दोराबद्दल बोलायच्या. मी लक्ष दिलं नव्हतं. पाऊस चांगला चालू होता, बाकी ठिकाणी विहिरी वर येत होत्या आणि अक्कांना मात्र दोर जास्त सोडावा लागत होता. आधी हातभर. मग आणखी हातभर. त्यांनी नवा लांब दोर आणवला. मी म्हटलं, बिल्डरने कुठे बोअर मारली असणार! शोधायला गेले. अख्खी गल्ली पालथी घातली, मागची गल्लीही. बोअर नव्हती. बोअरचं यंत्र त्या भागात आलंच नव्हतं. ते आलं की अख्ख्या मोहल्ल्याचे कान बसतात, लपत नाही ते. मला ती बोअर किती हवी होती! आजही हवी आहे.

बिल्डरने अर्ज केला की नकाशावर विहीर नाही, सबब जागा मोकळी आहे. आम्ही त्या कार्यालयात गेलो. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "इल्ला मॅडम." नाही. मी सांगितलं की पान बिघडलंय, तुम्ही चालत या, दहा मिनिटांवर विहीर आहे, पाणी पिऊन बघा. तर म्हणे, आमची पद्धत पडद्यावर पाहायची आहे. जागेवर जायचं तर वेगळी परवानगी लागते. डोळ्यांनी पाहायला परवानगी! मी तिथेच बसून राहिले. रोज जाऊन बसले. साहेब माणूस वाईट नव्हते. शेवटी कंटाळून म्हणाले, सरी, म्हणजे बरं, मंगळवारी सकाळी येतो.

तो मंगळवार.

मी आणि नचिकेत लवकर गेलो. जुना लॅपटॉप बरोबर होता. साहेबांना तोच पडदा दाखवायचा, आणि त्याच्या शेजारीच खरी विहीर... यापुढे काय बोलणार ते? मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पाणी खूप खाली गेलं होतं, पण होतं. काळं, स्थिर, त्यात माझं डोकं आणि वर आभाळाचा तुकडा. दगडांवर शेवाळ, फटीतून उगवलेली नेची. नचिकेतनेही पाहिलं. हे मी परत परत लिहिणार आहे, कारण परत परत विचारलं जातं. पाणी होतं.

साहेब आले, बरोबर त्यांचा एक मदतनीस. बिल्डरचा माणूस आला. गल्लीतली चार-पाच माणसं जमली. अक्कांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या आणि म्हणाल्या, आजची पहिली घागर साहेबांची. दुसऱ्याला द्यायची असतेच, आज साहेब दुसरे. त्यांनी सगळ्यांसमोर बादली सोडली. खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला, रहाट कुरकुरला, बादली भरून वर आली. घागर भरली. त्या पाण्याची कॉफी झाली. साहेबांनी ती घेतली, चांगली झालीय म्हणाले, आणि बिल्डरच्या माणसानेही घेतली. अक्का त्याला म्हणाल्या, "साखर घाल की रे. कडू बोलायला ताकद लागते." तो हसला. सगळेच हसलो. मला वाटलं, जिंकलो.

मग मी धुण्याच्या दगडावर लॅपटॉप ठेवला, फोनवरून इंटरनेट दिलं, पान उघडलं. गोल होता. निळा, अक्कांच्या वठारावर, बरोबर टोकाला. मी साहेबांना हाक मारली. ते खुर्चीतून उठले, चष्मा पुसत दोन पावलं आले...

आणि पडदा काळा झाला. मग ते गोल फिरणारं चिन्ह – अपडेट होत आहे, बंद करू नका. नचिकेत धावला. त्याने बटण दाबून धरलं, बॅटरी काढायला गेला. त्या मॉडेलची निघत नाही. "बंद केलं होतं मी हे, मी स्वतः बंद केलं होतं," एवढंच तो म्हणत होता. लॅपटॉप परत चालू झाला तेव्हा पडद्यावर नव्या ब्राउझरचं चिन्ह होतं. पान आपणहून उघडलं. सुंदर दिसत होतं. मेनू जागेवर, कन्नड अक्षरं ठसठशीत, सगळे तलाव निळे. अक्कांच्या वठारावर नुसती पांढरी जागा.

साहेबांनी पाहिलं आणि चष्मा काढून पुन्हा पुसला. बिल्डरचा माणूस फोनमध्ये बघू लागला.

अक्का म्हणाल्या, "ते डब्बं ठेव गं बाजूला. विहीर इथं आहे की." आणि त्यांनी बादली सोडली.

दोर जात राहिला. मी पाण्याच्या आवाजाची वाट पाहत होते. लोखंड दगडावर आपटतं तसा आवाज आला. ठण्ण. अक्कांनी बादली थोडी उचलली, पुन्हा सोडली. ठण्ण. मग त्यांनी ती वर ओढून घेतली. बादलीच्या बुडाला धूळ होती.

आम्ही सगळे वाकलो. साहेबसुद्धा. खाली तळ दिसत होता, पांढरट, कोरडा. पाणी आटलं तर चिखल राहतो, ओल राहते, वास राहतो. काही नव्हतं. भिंतीच्या दगडांवर शेवाळ नव्हतं, नेची नव्हती. दगड असे कोरडे की जणू त्यांना कधी पाणी लागलंच नव्हतं. कॉफीचे पेले अजून खुर्च्यांखाली होते. स्वयंपाकघरात घागर अर्धी भरलेली होती – मी आत जाऊन हात बुडवून पाहिला. गार, साधं पाणी. मी ती घागर उचलून बाहेर आणली, साहेबांसमोर ठेवली. बिल्डरचा माणूस म्हणाला, नळाचं असेल.

 अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या, आणि गल्लीतल्या माणसांकडे बघत होत्या. त्या टंचाईत भांडी घेऊन आलेली तीच माणसं होती ती. ती एकेक करून फाटकाबाहेर गेली. नंतर मी त्यांच्या दारोदार फिरले – पाणी पाहिलं होतं एवढं लिहून द्या म्हणून. एकानेही दिलं नाही. एक बाई म्हणाली, तेव्हा घाईत होतो, पाणी कुठून येत होतं ते कोण बघतं?

साहेबांनी 'वापरात नसलेला कोरडा खड्डा' असं लिहिलं. ज्या पाण्याची कॉफी पोटात होती त्याला कोरडा खड्डा म्हटलं. मी त्यांच्या कार्यालयात जाऊन भांडले, आवाज चढवला, शिपाई मधे आला. साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, बादली पाण्यात पडल्याचा आवाज मीही ऐकलाय. सांगा, काय लिहू?"

 पत्रकं लिहून लिहून बोटं झिजलेली मी, मला एक वाक्य सुचलं नाही.

दोराचं आणि ब्राउझरचं नचिकेतने नंतर जुळवलं. गटाच्या ग्रुपवर ज्याने त्याने 'मी बदलला' असं लिहिलेलं होतं, आणि अक्का दोराबद्दल मला कधी काय म्हणाल्या ते माझ्या फोनमध्ये होतं. एकेक माणूस नव्यावर गेला, त्या-त्या वेळी पाणी हातभर उतरलं. शेवटचा माझा लॅपटॉप राहिला होता. हे सांगताना तो आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, योगायोग आहे, एवढ्याशा माहितीवरून काही सिद्ध होत नाही. मीही हेच म्हटलं असतं. आता तो या विषयावर फोन घेत नाही. जुना ब्राउझर मिळवून पुन्हा टाकायचा प्रयत्न त्याने आधी खूप केला होता, दोन-तीन मशीनवर टाकलाही. पान उघडतं. गोल नाही. एकदा गेला की त्या मशीनवर परत येत नाही.

गटातल्या मोठ्या माणसांनी मला सांगून ठेवलंय की हे पत्रकात घालायचं नाही. घातलं तर बिल्डर ते फ्रेम करून भिंतीवर लावेल, आणि पुढच्या प्रत्येक तलावाच्या वेळी आपल्याला विचारतील, हाही ब्राउझरने प्यायला का? बरोबर आहे त्यांचं. म्हणून पत्रकात 'प्रशासनाचा निष्काळजीपणा' असं छापलं. ते खोटं नाही. पण ते झालेलंही नाही. मी भूगर्भवाल्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाणी तासाभरात खचू शकतं, क्वचित. शेवाळाचं काय, विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं की झोप नीट होते ना.

विहिरीत तीन ट्रक राडारोडा पडला. अक्का हल्ली जे. पी. नगरला भाचीच्या फ्लॅटमध्ये पाचव्या मजल्यावर असतात. सकाळी लवकर उठतात, नळ सोडतात, पहिला तांब्या घेऊन दार उघडतात. बाहेर लिफ्ट असते. तांब्या घेऊन थोडा वेळ उभ्या राहतात आणि परत येतात. भाची म्हणते, काही बोलू नकोस, होईल सवय. मी गेले की अक्का मोर्चाबद्दल विचारत नाहीत, पुट्टी म्हणत नाहीत. एकच विचारतात.

"कुणाच्यात दिसली का गं?"

मी नाही म्हणते. त्या 'सरी' म्हणतात.

मला याचं कारण माहीत नाही. शोधून दमले. जे झालं ते असं झालं, एवढंच सांगू शकते, आणि मी खोटं बोलत नाही, एवढंच.

आता तुमचं काम. तुमच्या माळ्यावर, आईच्या खोलीत, बंद पडलेल्या दुकानात, शाळेच्या कपाटात एखादा जुना कॉम्प्युटर असेल, ज्यावर कुणी बरीच वर्षं काही बदललेलं नाही. तो काढा. आज काढा. शहरातल्या जलस्रोतांचा नकाशा उघडा, बनशंकरीच्या पानावर जा, झूम करा. पांढरं दिसलं तर बंद करा, मला कळवू नका, मला तसं पुष्कळ जणांनी कळवलंय. पण निळा गोल दिसला – अगदी फिकट, अगदी अर्धा – तर कशालाही हात लावू नका. पान पुन्हा लोड करू नका. फोटो काढायलासुद्धा उठू नका. चार्जर लावा, घरात कुणाला जवळ येऊ देऊ नका, पडद्यावरून नजर काढू नका. आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातून मला निरोप पाठवा. मी अक्कांना घेऊन येते.